शेवटच्या माणसाच्या वेगाने

ट्रेकचं लीडरपद पहिल्यांदा माझ्याकडे आलं, तेव्हा मी दिवसभर सगळ्यांच्या पुढे चाललो. वाट पाठ होती, पाय मस्त पडत होते आणि लीडर म्हणजे पुढे असणारा माणूस, एवढीच माझी समजूत होती. आम्ही चौदा जण. दुपारी दीडच्या सुमाराला पठारावर पोचलो, सॅक टेकवल्या, डोकी मोजली. अकरा. पुन्हा मोजली. अकराच.

उरलेले तिघे पाऊण तासाने सापडले. ओढ्यापलीकडे वाट फुटते तिथे ते डावीकडच्या ढोरवाटेला लागले होते. पुढचे दिसत नव्हते, मग जी वाट जास्त मळलेली वाटली ती त्यांनी धरली. त्यांच्यातल्या सगळ्यात लहान मुलाला टाचेला फोड आला होता. बूट काढला तर मोजा कातडीला चिकटलेला. मी विचारलं, "कधीपासून दुखतंय?" तर म्हणाला, "सकाळी आठपासून. पण तुम्ही सगळे जोरात चालला होता दादा, माझ्यासाठी कशाला थांबवायचं?"

चिकटपट्टी माझ्याच सॅकच्या वरच्या कप्प्यात होती. सकाळी आठला लावली असती तर दोन मिनिटांचं काम. त्या दोन मिनिटांपोटी आमचे दोन तास गेले, आणि उतरताना अंधार झाला तो वेगळाच.

पुढची पंधराएक वर्षं मी माणसं डोंगरात नेतोय आणि पोटापाण्यासाठी ऑफिसात टीमही सांभाळतोय. दोन्हीकडे मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा शिकावी लागली: जो दिसत नाही त्याचं काय चाललंय, हे लीडरला माहीत असायला हवं. आणि ते आपोआप कळत नाही, त्याची सोय करावी लागते. नवीन मंडळींसाठी लिहितोय, म्हणून ही सोय कशी करायची ते जरा सविस्तर सांगतो.

चालताना दोन जागा महत्त्वाच्या: सगळ्यात पुढचा लीड आणि सगळ्यात मागचा टेल. टेलच्या मागे कोणी राहत नाही, हा नियम. टेलला ताकदीचा आणि अनुभवी माणूस लागतो. आपल्याकडे मात्र उलटं होतं. जो दमलाय तो आपोआप शेवटचा होतो आणि त्यालाच आपण टेल समजतो. वाट फुटते तिथे शेवटचा माणूस दिसेपर्यंत कोणी हलायचं नाही. हळू चालणाऱ्याला लीडच्या लगेच मागे ठेवायचं, म्हणजे वेग आपसूक त्याचा होतो.

आणखी एक गोष्ट, जी मला तीन-चार वर्षं लक्षातच आली नव्हती. विश्रांतीच्या जागी आधी पोचलेले दहा मिनिटं बसतात, शेवटचा धापा टाकत पोचतो आणि तो पोचला की सगळे उठतात, "चला, आले सगळे!" म्हणजे ज्याला विश्रांतीची सगळ्यात जास्त गरज, त्यालाच ती मिळत नाही. तो आल्यावर घड्याळ लावा.

ओझ्याचंही तसंच. "तुझं काही घेऊ का?" असं विचारलं की माणूस नाही म्हणतो, कारण हो म्हणणं म्हणजे हार मानणं. मी विचारत नाही. "सगळ्यांनी सॅक उघडा, दोर आणि तंबू पुन्हा वाटून घेऊ," म्हणतो. वजन हलतं, कोणाची मान खाली जात नाही.

ऑफिसात पहिल्यांदा सहा जणांची टीम मिळाली तेव्हा हे सगळं माहीत असूनही मी पुढेच धावलो. नव्यानेच आलेली एक मुलगी चार दिवस एकाच जागी अडकली होती आणि रोजच्या मीटिंगमध्ये "चालू आहे" म्हणत होती. टाचेचा फोडच तो! तेव्हापासून मी "सगळं ठीक ना?" हा प्रश्न बंद केला. त्याला "हो" शिवाय उत्तर येत नाही. "आज कुठे अडलं?" असं विचारलं की काहीतरी बाहेर येतं. डोंगरातल्या थंडीत तर माणूस स्वतःहून सांगूच शकत नाही. शरीराचं तापमान 35 अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की त्याला हायपोथर्मिया म्हणतात, आणि त्याची सुरुवातीची लक्षणं वागण्यात दिसतात. बडबड्या माणूस गप्प होतो, चेन लावताना बोटं अडखळतात, चिडचिड वाढते. त्याला विचाराल तर म्हणेल, "मी बरा आहे." बघायचं आपण असतं.

वेळेच्या अंदाजासाठी नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 मध्ये मांडलेला ठोकताळा आजही वापरतात: दर 5 किलोमीटरला एक तास आणि चढाईच्या दर 600 मीटरला आणखी एक तास. म्हणजे 12 किलोमीटर अंतर आणि 900 मीटर चढ असेल तर जवळपास चार तास. हे तगड्या माणसाचं, विश्रांती न धरता. नवख्या गटासाठी मी सरळ दीडपट करतो. ऑफिसातले अंदाज बहुतेक याच जागी फसतात. अंदाज करणारा स्वतःचा वेग धरून हिशोब करतो.

परत फिरायची वेळ मात्र सकाळी, खाली असतानाच ठरवायची आणि सगळ्यांसमोर मोठ्याने सांगायची. माथा समोर दिसायला लागला की कोणाचंच डोकं ठिकाणावर राहत नाही. मीही त्यात आलो. एकदा परतीची ठरलेली दोनची वेळ झाली तेव्हा माथा जेमतेम दीडशे मीटर उंच राहिला होता. फिरलो. एक गृहस्थ अख्ख्या उतारावर माझ्याशी बोलले नाहीत आणि खरं सांगायचं तर मलाही वाटत राहिलं की झालं असतं बहुतेक. हवामान शेवटपर्यंत छान राहिलं, त्यामुळे निर्णय बरोबर होता की नाही हे कळायला मार्गही नाही. लीडरच्या वाट्याला अशी शंका येते, ती पचवायची सवय करावी लागते. ध्रुवप्रदेशात मोहिमा काढणारा अर्नेस्ट शॅकलटन 9 जानेवारी 1909 ला दक्षिण ध्रुवापासून साधारण 180 किलोमीटरवर पोचून परत फिरला. तोवर दक्षिणेला इतकं दूर कोणी गेलं नव्हतं. पण पुढे गेलो तर परतीला अन्न पुरणार नाही, हा हिशोब स्पष्ट होता. चौघेही जिवंत परतले.

याच शॅकलटनची मला जास्त भावलेली गोष्ट पुढच्या मोहिमेतली आहे. 1915 मध्ये त्याचं एन्ड्युरन्स जहाज बर्फात चिरडलं आणि 28 माणसं बर्फावर आली. तंबू वाटताना त्याने कुरबुर करतील असे वाटणारे लोक स्वतःच्या तंबूत घेतले. आपण काय करतो? आवडती माणसं जवळ ठेवतो आणि कटकट करणाऱ्याला लांबच्या कोपऱ्यात टाकतो, जिथे तो निवांतपणे इतरांची डोकी भडकवतो. माझ्या एका गटात प्रत्येक गोष्टीला नाक मुरडणारा एक जण होता. त्याच्याकडे मी स्टोव्ह आणि इंधनाचा सगळा हिशोब दिला. कुरबुर थांबली असं नाही, पण ती इंधनाच्या नासाडीवर गेली आणि चार दिवसांचं इंधन पाच दिवस पुरलं.

कातळारोहणात एक रीत आहे, ती मला प्रत्येक कामाच्या जागी असावीशी वाटते. चढण्याआधी दोघांनी एकमेकांचं सगळं तपासायचं: हार्नेसचा म्हणजे कमरेला बांधायच्या साजाचा पट्टा, दोराची गाठ, बिले (चढणाऱ्याचा दोर खालून सांभाळायची सोय) नीट लावलंय ना, कॅराबिनरचं म्हणजे दोर अडकवायच्या धातूच्या कडीचं लॉक. नुसतं बघायचं नाही, हाताने ओढून बघायचं. लिन हिल ही जगातल्या अव्वल क्लाइंबरपैकी एक. 1989 मध्ये फ्रान्समध्ये चढताना ती वीस मीटरहून जास्त उंचीवरून खाली आली, कारण दोर हार्नेसमधून ओवला होता, पण गाठ पुरी बांधलीच नव्हती. झाडाच्या फांद्यांनी पडण्याचा वेग तोडला म्हणून वाचली. ती गाठ तिने आधी हजारो वेळा बांधली होती, आणि नेमकी सवयीच्या कामातच चूक झाली.

म्हणून माझ्या गटात मी सगळ्यात नवख्याला बोलावतो आणि म्हणतो, "आधी तू माझी गाठ तपास." पहिल्यांदा ते लाजतात, नुसती मान डोलावतात. मग कधीतरी मी मुद्दाम लॉक उघडं ठेवतो. अर्थात जमिनीवर असताना. एका मुलीने ते पकडलं तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा होता. दुसऱ्या दिवशी तिनेच मला "सर, नकाशा उलटा धरलाय का तुम्ही?" असं विचारलं. उलटा नव्हता, पण विचारलं हे महत्त्वाचं.

आता तुम्ही म्हणाल, आम्हाला लीडर कोण करणार? बरोबर आहे. पहिली काही वर्षं तुम्ही लीडरच्या मागे चालणारेच असणार. अमेरिकेतली नोल्स ही डोंगर-रानात नेऊन प्रशिक्षण देणारी, 1965 पासून चालणारी संस्था नेतृत्वाच्या चार भूमिका शिकवते आणि त्यातली एक आहे ती जागरूकपणे मागे चालणाऱ्याची. म्हणजे काय, तर लीडरने सांगितलेलं समजलं नाही तर लगेच विचारायचं, वेगळं दिसलं तर निर्णय होण्याआधी बोलायचं आणि निर्णय झाला की मनापासून राबवायचा. संध्याकाळी "मी तेव्हाच म्हणत होतो" हे वाक्य म्हणायचं नाही. तेव्हा म्हणाला असाल तर सगळ्यांना आठवतंच.

कंपन्या एका दिवसाची सहल काढून रस्सीखेच आणि डोळे बांधून चालण्याचे खेळ घेतात, त्यावर माझा फारसा विश्वास नाही. मजा येते, फोटो येतात, सोमवारी सगळं जसंच्या तसं. तीन रात्री एकत्र काढल्याशिवाय, एकदा तरी भिजल्याशिवाय माणूस कळत नाही. शिवाय डोंगर म्हणजे ऑफिस नव्हे. डोंगरात चुकीचा हिशोब संध्याकाळपर्यंत चुकता होतो. ऑफिसात सहा महिन्यांनी होतो आणि तोवर चूक करणारा दुसऱ्या विभागात गेलेला असतो. डोंगरात मी मोहीम रद्द करू शकतो. ऑफिसातली मुदत वरून येते. त्यामुळे इकडचं तिकडे जसंच्या तसं उचलू नका.

मुलाखतीत मात्र हा अनुभव जरूर सांगा, फक्त "ट्रेकिंगमुळे माझ्यात टीमवर्क आलं" असं सांगू नका. समोरच्याने ते सकाळपासून चार वेळा ऐकलेलं असतं. एक प्रसंग सांगा: किती जण होतो, काय बिनसलं, मी काय ठरवलं, काय चुकलं, पुढच्या वेळी काय बदललं. मी माझ्या पहिल्या मुलाखतीत चौदातल्या अकरांचीच गोष्ट सांगितली होती. समोरच्या बाईंनी वही बाजूला ठेवली आणि विचारलं, "मग त्या मुलाच्या टाचेचं काय झालं?"

सुरुवात कुठून करायची तर मिरवायची कामं सोडून द्या. प्रथमोपचाराचं प्रशिक्षण घ्या. पुढच्या ट्रेकला टेलला चालायला मिळेल का, म्हणून विचारा. बहुधा लगेच मिळेल, कारण ती जागा कोणी मागत नाही. परतल्यावर दोर वाळवून गुंडाळायला थांबा. गटातले जुने लोक खरं काय झालं ते तेव्हाच बोलतात. आणि चिकटपट्टी सॅकच्या वरच्या कप्प्यात ठेवा, पण ती तिथे आहे हे सकाळी निघतानाच सगळ्यांना सांगा.