मांजर चहात तोंड घालतंय? आमच्या चिंगीची बशी कशी सोडवली

आमच्याकडे सकाळी पावणेसातला दोन जण चहाची वाट बघत बसलेले असतात. एक अण्णा, म्हणजे माझे सासरे, वय ८१. दुसरी चिंगी, वय ५, वजन पावणेचार किलो. अण्णा चहा बशीत ओतून फुरके मारत पितात. शेवटचा घोट ठेवून बशी फरशीवर सरकवायची, ही त्यांची गावापासूनची सवय. आधी गावच्या मांजरांसाठी, मग आमच्या पहिल्या बोक्यासाठी, आता चिंगीसाठी. चिंगी बशी इतकी लख्ख करते की अण्णांच्या मते ती घासायचीही गरज नसते. घासते मीच, तेही दोनदा.

मांजरवाल्या लोकांत बसलं की असा एकेक नमुना निघतोच. माझ्या मैत्रिणीचा बोका कोल्ड कॉफीच्या ग्लासात पंजा बुडवून बसतो. खालच्या मजल्यावरच्या मालवणी काकूंची मनी सोलकढीची वाटी दिसली की मांडीवर चढते. सगळे कौतुकाने व्हिडिओ काढतात. मीही काढले आहेत. मग दीड वर्षापूर्वी चिंगीला आठवडाभर जुलाब लागले. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "दूध देता का?" मी छातीठोकपणे "नाही" म्हटलं. घरी आल्यावर चौकशी केली तेव्हा कळलं, शेवटचा घोट म्हणजे हल्ली जवळजवळ अर्धी बशी असायची, आणि मी ऑफिसला गेले की दुपारी वर थोडी सायसुद्धा.

"एवढ्याशा सायीनं काय होतंय?" अण्णा म्हणाले. "आमच्याकडची मांजरं म्हशीचं दूध प्यायची."

"अण्णा, त्या मांजरांचं पोट कुणी बघितलं होतं? ती शेतात जाऊन यायची."

दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, पचवायला लागणारं विकर पिल्लांकडे भरपूर असतं. दूध सुटलं की बहुतेक मांजरांत ते घटत जातं. मग लॅक्टोज तसंच आतड्यात उतरतं, पाणी ओढतं आणि पोट ढवळतं. काही मांजरांना चमचाभर दूध सहज पचतं, काहींना थेंब चालत नाही. चिंगी दुसऱ्या गटातली निघाली.

बशी एकदम बंद केली तर अण्णा रुसणार आणि चिंगी ओरडून घर डोक्यावर घेणार, हे दिसत होतं. म्हणून आधी शोधलं, हिला नेमकं हवंय काय. तुम्हीही इथूनच सुरुवात करा, कारण "आमच्या मांजराला चहा आवडतो" यातलं "आवडतो" बहुधा चुकीचं असतं. गोड तर कारण नसतंच. गोडाची चव ओळखणारं एक जनुक मांजरांत निकामी झालेलं आहे. फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेतल्या संशोधकांनी ते २००५ मध्ये दाखवून दिलं. दोन चमचे साखर घाला नाहीतर बिनसाखरेचा करा, मांजराला फरक नाही. त्याला कळतं ते स्निग्ध, मांसाच्या चवीचं आणि कोमट.

मी तीन दिवस एक खेळ केला. पहिल्या दिवशी कोऱ्या चहाच्या कपावर गाळणं पालथं घालून तो खाली ठेवला, म्हणजे वास येईल पण जीभ पोचणार नाही. चिंगीने हुंगलं, मिशा मागे घेतल्या आणि पुढच्या पंजाने फरशी खरवडायला लागली, घाण झाकतात तशी. म्हणजे चहाबद्दलचं तिचं मत कळलं. दुसऱ्या दिवशी तिच्या नेहमीच्या भांड्यात कोमट पाणी आणि वर सायीचा एक ठिपका. ठिपका चाटला, पाणी सोडलं. तिसऱ्या दिवशी अण्णांच्या कपबशीत नुसतं कोमट पाणी, तेही अण्णा शेजारी फुरके मारत असताना. सगळं प्यायली! म्हणजे तिला हवी होती साय, ऊब आणि पंगतीतली जागा. चहा बिचारा मध्येच बदनाम.

तुमच्याकडे उत्तर वेगळं निघेल. ग्लासात पंजा घालणाऱ्या बोक्याला बहुधा बर्फाच्या हालचालीची मजा वाटत असेल. साध्या पाण्यात एक खडा टाकून बघा. नळालाच तोंड लावणाऱ्याला वाहतं पाणी हवं असतं.

उपाय अगदी साधा. फडताळात एक कानतुटका कप पडला होता, तो चिंगीचा. चहा गाळला की त्यात बोट घालून सहन होईल इतपत कोमट पाणी भरायचं आणि अण्णांच्या खुर्चीशेजारी ठेवायचं. चहा त्यांच्या हातात द्यायच्या आधी, नंतर नाही. पहिले आठ दिवस त्या पाण्यात एक चमचा कोंबडी उकडलेलं पाणी घातलं. त्यात मीठ, हळद, आलं-लसूण, कांदा, काहीही नको. नुसतं मांस आणि पाणी. काकू मासे करतात तेव्हा मसाला लावायच्या आधी एखादं डोकं वेगळं उकडून देतात, तेही चालतं. काटे मात्र गाळून घ्या. मग चमच्याचा अर्धा चमचा केला, मग चार थेंब, आणि तिसऱ्या आठवड्यात नुसतं पाणी. अण्णांचा कप आता झाकणीचा आहे. त्यांनी कुरकुर केली, पण चहा गरम राहतो म्हटल्यावर ऐकलं.

तोपर्यंत चिंगी कपाकडे आली की ओरडायचं नाही आणि पाणीही शिंपडायचं नाही. ओरडलं तरी तिच्या दृष्टीने तुम्ही तिच्याकडे बघितलंतच की. मुकाट्याने कपावर हात ठेवायचा, आणि ती तिच्या कपाकडे वळली की डोकं खाजवायचं. सगळ्यात अवघड भाग म्हणजे घरातल्या सगळ्यांनी तसंच वागणं. एकाने जरी चोरून घोट दिला तरी पंधरा दिवसांचं काम पाण्यात.

आता काळजीचा भाग, आणि तो प्रमाणाचा आहे. मांजर पितं कसं, हे अमेरिकेतल्या काही संशोधकांनी वेगवान कॅमेऱ्याने टिपून २०१० मध्ये प्रसिद्ध केलं. त्यातले एक, रोमन स्टॉकर, सकाळच्या न्याहारीला स्वतःच्या मांजराकडे बघत बसले होते, तिथून त्यांना ही कल्पना सुचली. त्या मांजराचं नाव 'कट्टा कट्टा', ते वाचून मला उगाचच आपलेपणा वाटला. मांजर पाणी जिभेने ओरपत नाही. जिभेचं टोक पृष्ठभागाला नुसतं टेकवतं, झटकन वर खेचतं, मागोमाग पाण्याचा बारीक खांब उठतो आणि तो खाली पडायच्या आत तोंड मिटतं. सेकंदाला साधारण चार वेळा, दर वेळी थेंबभर, ०.१ मिलीच्या आसपास. म्हणजे तुमची पाठ वळल्यावर पाच सेकंदांत ते दोनेक मिली चहा पितं. आपल्या कपभर चहात तीस-चाळीस मिलिग्रॅम कॅफीन धरलं तर त्या दोन मिलीत एक मिलिग्रॅमही नाही. एवढ्याने घाबरून रिक्षा करायची गरज नाही.

घाबरायचं ते पावडरीला. चहाच्या कोरड्या पत्तीत वजनाच्या दोन-तीन टक्के तरी कॅफीन असतं. इन्स्टंट कॉफीच्या एका चमच्यात साठेक मिलिग्रॅम सहज. मांजराच्या दर किलो वजनामागे ८० मिलिग्रॅमच्या पुढे कॅफीन जिवावर बेतू शकतं, आणि धडधड, अस्वस्थपणा, उलट्या, कापरं हे त्याच्या बरंच आधी सुरू होतं. चिंगीच्या वजनाला हा हिशेब लावा, मग ओट्यावर उघडी राहिलेली कॉफीची बाटली वेगळी दिसायला लागते. चहाचा चोथाही तसाच. आम्ही तो गुलाबाच्या कुंडीत टाकायचो, चिंगी तिथेच उकरत बसायची. आता चोथा झाकणाच्या डब्यात जातो. कुंडीतला गवती चहाही उंच फळीवर गेलाय, कारण पाती चावायचा तिला भारी नाद, आणि जास्त झाली की उलटी ठरलेली.

बाकीच्या पेयांत मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते सोलकढीबद्दल, कारण ती निरुपद्रवी वाटते. नारळाचं दूध, कोकम, त्यात काय? त्यात लसूण. कांदा आणि लसूण मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात, आणि हा परिणाम लगेच दिसत नाही. दोन-चार दिवसांनी मांजर मलूल पडतं, हिरड्या पांढुरक्या दिसतात, तोवर आपण सोलकढी विसरलेलो असतो. कढी, मठ्ठा, सार, रस्सा यांनाही हाच नियम. काकूंना हे पटायला वेळ लागला, पण मनीच्या हिरड्या उघडून बघायला त्या शिकल्या.

शहाळ्याचं पाणी एखाददुसरा थेंब चाललं, पण त्यात पोटॅशियम भरपूर, म्हणून मूत्रपिंडाचा त्रास असलेल्या मांजराला नको. लिंबू सरबताच्या वासानेच बहुतेक मांजरं तोंड फिरवतात. दारू थेंबभरही नाही, गंमत म्हणूनही नाही. एवढ्याशा शरीरात ती झपाट्याने चढते, अंग गार पडतं, श्वास मंदावतो.

आणखी एक पेय, जे आपण पीत नाही पण मांजर पितं: फुलदाणीतलं पाणी. लग्नाच्या वाढदिवसाला आलेल्या गुच्छात लिली असेल तर तो घरात आणूच नका. खऱ्या लिलीची पाकळी, पराग, अगदी ती ठेवलेलं पाणीसुद्धा मांजराचं मूत्रपिंड निकामी करू शकतं. चाटल्याचा नुसता संशय आला तरी त्याच दिवशी डॉक्टर गाठा, लक्षणांची वाट बघू नका.

मांजराने काही नको ते प्यायलं तर घरगुती उतारे करू नका. मिठाचं पाणी पाजून उलटी काढायचा सल्ला आमच्या इमारतीत दोघांनी दिला; त्या मिठानेच मांजर दगावू शकतं. दुधानेही काही उतरत नाही. काय प्यायलं, अंदाजे किती, किती वाजता, एवढं कागदावर लिहा, पाकीट हातात घ्या आणि फोन करा.

या सगळ्या खटाटोपात दुसरी गोष्ट लक्षात आली ती रावसाहेबांची. रावसाहेब म्हणजे आमचा थोरला बोका, १३ वर्षांचा. तो कधी कुणाच्या कपाकडे बघायचा नाही. गेल्या उन्हाळ्यात अचानक सगळीकडे तोंड घालायला लागला: अण्णांच्या उशाशी ठेवलेलं फुलपात्र, माठाखालची ताटली, न्हाणीघरातली बादली. आम्ही म्हटलं, चिंगीचं बघून शिकला. पण चिंगीला चव हवी होती, याला पाणी. हा फरक ओळखता यायला हवा. मांजराला दिवसाला दर किलोमागे साधारण ५० मिली पाणी लागतं, तेही अन्नातलं धरून. ओल्या खाण्यात तीन चतुर्थांश पाणीच असतं, कोरड्या दाण्यात जेमतेम दहा टक्के. मी दोन दिवस बाकीचं सगळं पाणी झाकून ठेवलं आणि औषधाच्या मापाने मोजून एकच भांडं भरलं. शेजारी तेवढंच पाणी घातलेलं दुसरं भांडं जाळीखाली ठेवलं, वाफेने किती उडतं ते वजा करायला. रावसाहेब चार किलोचा. दिवसाला साडेचारशे मिलीच्या वर प्यायला. रक्त तपासलं, मूत्रपिंड थकलंय असं निघालं. वयस्क मांजरांत मधुमेह आणि थायरॉइडचा त्रासही अशाच तहानेने कळतो. उलट, बोका सारखा मातीच्या ट्रेमध्ये बसून कुंथतोय आणि लघवी होत नाही, असं दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही, रात्री असेल तर रात्री न्यायचं.

आता घरात पाण्याची पाच भांडी आहेत, खाण्यापासून आणि ट्रेपासून लांब, पसरट, काठोकाठ भरलेली. प्लॅस्टिकचं एकही नाही, त्याला वास धरतो. दिवसातून दोनदा पाणी बदलते. सगळ्यात खपतं ते माठाजवळच्या मातीच्या परळातलं.

बादलीचा नाद मात्र रावसाहेबांनी सोडलेला नाही, आणि फरशी पुसायच्या फिनाइलचा थेंब बादलीत राहिला तर मांजराच्या यकृताला ते झेपत नाही. म्हणून न्हाणीघरातली बादली आता पालथी असते. ज्याने त्याने आंघोळीला जाताना आपली आपण भरायची, अण्णांनीसुद्धा.