गूगलने जाहिरात मंजूर केली, तरी कमिशन का कापलं जातं?

एखाद्या ब्रँडच्या नावावर कीवर्ड लावला (म्हणजे कुणी ते नाव शोधलं की आपली जाहिरात दिसावी), गूगल ॲड्सने तो घेतला, विक्रीही झाली आणि महिनाअखेरीस सगळं कमिशन रद्द. असं होतं कारण इथे तीन वेगळे नियम लागू असतात आणि नवखा ॲफिलिएट (कमिशनवर कंपनीचा माल खपवणारा) त्यातला एकच पाहतो.

पहिला नियम गूगलचा. ट्रेडमार्क असलेला शब्द कीवर्ड म्हणून लावायला गूगल अडवत नाही. मालकाने तक्रार केली, तर जाहिरातीच्या मजकुरात तो शब्द वापरण्यावर निर्बंध येतो. त्यातूनही रीसेलर आणि माहिती देणाऱ्या साइटना सूट मिळू शकते, मात्र लँडिंग पेज (जाहिरातीवर क्लिक केल्यावर उघडणारं पान) मुख्यतः त्याच वस्तूबद्दल हवं. स्पर्धकाचा माल खपवणाऱ्या पेजला ही सूट नाही.

दुसरा कायद्याचा. दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने १० ऑगस्ट २०२३ रोजी गूगल विरुद्ध डीआरएस लॉजिस्टिक्स या प्रकरणात सांगितलं, की कीवर्ड म्हणून लावणं हादेखील ट्रेडमार्कचा वापरच आहे. पण ग्राहकाचा गोंधळ किंवा दिशाभूल होत नसेल, तर केवळ तेवढ्याने उल्लंघन ठरत नाही.

तिसरा नियम कंपनीच्या ॲफिलिएट प्रोग्रॅमच्या कराराचा, आणि पैसे अडकतात ते इथेच. ॲमेझॉनच्या ॲफिलिएट करारात ‘ॲमेझॉन’, ‘किंडल’ (तिचं ई-बुक रीडर) असे शब्द आणि त्यांची चुकीची स्पेलिंगसुद्धा पेड सर्चमध्ये, म्हणजे पैसे देऊन शोधावर दाखवलेल्या जाहिरातींत, लावायला मनाई आहे. कंपनीच्या बाजूने पाहिलं तर कारण रास्त आहे. जो माणूस तिचं नाव टाइप करतोय तो तिच्याकडेच निघालाय. वाटेत ॲफिलिएटची जाहिरात आली, की समजा २,००० रुपयांच्या ऑर्डरवर ५ टक्क्यांनी १०० रुपये कमिशन जातं, शिवाय जाहिरातीच्या जागेसाठी होणाऱ्या त्याच लिलावात कंपनीच्या स्वतःच्या क्लिकचा भावही चढतो.

म्हणून कॅम्पेन बनवण्याआधी कराराचं पान उघडून चार गोष्टी शोधा. ब्रँडच्या नावावर बोली चालते का? ‘ब्रँड + कूपन’, ‘ब्रँड + रिव्ह्यू’ अशा जोड्या चालतात का? जाहिरातीतून थेट कंपनीच्या साइटवर पाठवता येतं का, की आधी स्वतःचं पेज लागतं? आणि ब्रँडचं नाव निगेटिव्ह कीवर्ड (ज्या शब्दाच्या शोधावर जाहिरात दिसू नये असा शब्द) म्हणून लावण्याची सक्ती आहे का? करार गप्प असेल तर प्रोग्रॅमच्या मॅनेजरला ईमेल करा. फोनवरच्या ‘चालेल हो’वर विसंबू नका, उत्तर लेखी हवं, आणि त्यात कोणते शब्द, कोणता देश, कधीपर्यंत हे स्पष्ट हवं.

आता खरी मेहनत. बोली न लावताही ब्रँडच्या शोधावर तुमची जाहिरात दिसू शकते. ‘ई-बुक रीडर किंमत’ हा कीवर्ड ब्रॉड मॅचवर (अर्थाने जवळच्या शोधांवरही जाहिरात दाखवणारी सेटिंग) ठेवला, तर ‘किंडल किंमत’ शोधणाऱ्यालाही ती दिसू शकते. तुम्ही ‘किंडल’ कुठेच लिहिलेलं नाही, पण कंपनीच्या स्क्रीनशॉटमध्ये जाहिरात तुमची असते. यावर उपाय निगेटिव्ह कीवर्ड, आणि त्यातही तपशील महत्त्वाचा.

नाव एक्झॅक्ट मॅचवर निगेटिव्ह करू नका, कारण मग फक्त तेवढंच नाव अडतं आणि ‘नाव + ऑफर’ सुटतं. फ्रेज मॅच वापरा, त्यात नावाच्या मागेपुढे आणखी शब्द असले तरी शोध अडतो. निगेटिव्ह कीवर्ड २०२४पासून चुकीची स्पेलिंग अडवतात, पण समानार्थी शब्द किंवा दुसरी लिपी नाही. मराठी वाचकांसाठी जाहिरात करताना हे फार लागतं: रोमन लिपीतलं नाव, ‘ॲमेझॉन’, ‘अमेझॉन’, हिंदी पद्धतीचं ‘अमेज़न’, सगळं वेगवेगळं घाला. नाव जोडून आणि तोडूनही लिहा: ‘मेकमायट्रिप’ आणि ‘मेक माय ट्रिप’. कंपनीच्या उपब्रँडची नावं विसरू नका. ही सगळी एका निगेटिव्ह लिस्टमध्ये ठेवा (एका लिस्टमध्ये ५,००० शब्द मावतात) आणि ती प्रत्येक सर्च कॅम्पेनला जोडा. नवं कॅम्पेन सुरू केलं आणि लिस्ट जोडायची राहिली, हा प्रकार सर्रास घडतो. परफॉर्मन्स मॅक्स या गूगलच्या स्वयंचलित कॅम्पेनमध्ये याशिवाय ब्रँड एक्सक्लूजनही (ठरावीक ब्रँडचे शोध वगळणारी सेटिंग) लावा.

मजकुराकडे वळू. डायनॅमिक कीवर्ड इन्सर्शन बंद ठेवा. ते तुमचा कीवर्ड उचलून थेट शीर्षकात बसवतं. गूगल आपोआप तयार करत असलेली शीर्षकंही बंद करा, कारण ती तुमच्या पेजवरून शब्द घेतात आणि पेजवर ब्रँडचं नाव असतंच. ‘अधिकृत साइट’ असं तर कधीच लिहू नका. दिशाभुलीचा आरोप तिथूनच सुरू होतो. लँडिंग पेजवर तुलना, किंमत, उणिवा असं स्वतःचं काही हवं. नुसतं पुढे ढकलणारं पेज गूगललाही चालत नाही.

सुरू केल्यावर पहिला आठवडा रोज, नंतर आठवड्यातून एकदा सर्च टर्म्स रिपोर्ट (कोणत्या शोधांवर जाहिरात दिसली त्याची यादी) पाहा. ब्रँडचं नाव दिसलं की त्याच दिवशी निगेटिव्ह करा. पण रिपोर्टमध्ये कमी वेळा झालेले शोध दिसत नाहीत, त्यामुळे तो कोरा आहे म्हणून निर्धास्त राहू नका. गूगल ॲड्सच्या ॲड प्रिव्ह्यू टूलमध्ये पुणे, नागपूर, दिल्ली असं ठिकाण बदलून ब्रँडचं नाव टाकून पाहा. साध्या गूगलवर सारखं शोधलंत तर तुमच्याच जाहिरातीचा क्लिक रेट घसरतो.

काहीजण कंपनीच्या मुख्यालयाचं शहर वगळून किंवा फक्त रात्री जाहिरात चालवतात. हे करू नका. कंपन्या वेगवेगळ्या शहरांतून आणि वेळांना तपासणी करून घेतात, आणि सेटिंगमध्ये वगळलेलं ते शहर हाच हेतूचा पुरावा ठरतो. चूक एकवेळ माफ होते, लपवाछपवी होत नाही.

कंपनीची नोटीस आलीच, तर आधी कॅम्पेन थांबवा, मग उत्तर द्या. त्यांच्याकडून शोधशब्द, तारीख, वेळ आणि स्क्रीनशॉट मागा. आपल्याकडून सर्च टर्म्स रिपोर्ट, निगेटिव्ह लिस्ट आणि चेंज हिस्ट्री (खात्यात केलेल्या बदलांची नोंद) पाठवा. शब्द कोणत्या दिवशी अडवला हे चेंज हिस्ट्रीत दिसतं आणि ती दोन वर्षांपर्यंत मागे पाहता येते. प्रत्येक कॅम्पेनच्या लिंकला पहिल्यापासून वेगळा सब-आयडी (विक्री कुठून आली ते ओळखायची खूण) दिलेला असेल, तर वादातली विक्री नेमकी कोणती ते दाखवता येतं आणि तेवढ्याच रकमेवर बोलणी करता येतात. सब-आयडी नसेल, तर कोणती विक्री कुठून आली हे सिद्ध करता येत नाही आणि पूर्ण महिन्याचं कमिशन धोक्यात येतं.