खासगी विद्यापीठातील हरित नवोपक्रम टिकवायचे कसे?

खासगी विद्यापीठात सौरपॅनेल बसवण्याचा निर्णय विश्वस्त मंडळाच्या एका बैठकीत होऊ शकतो. पण कंत्राटी प्राध्यापक किंवा तंत्रज्ञ नोकरी सोडताना जे ज्ञान सोबत घेऊन जातात, ते कोणत्याही ठरावाने परत आणता येत नाही. म्हणून हरित नवोपक्रमाची सुरुवात खरेदीपासून नव्हे, तर संस्थेच्या संस्कृतीपासून करावी.

संघटनात्मक मानसशास्त्राचे अभ्यासक एडगर शाइन यांनी या संस्कृतीचे तीन थर सांगितले आहेत: डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टी, जाहीर केलेली मूल्ये आणि न बोलता धरलेली गृहीतके. पहिले दोन थर माहितीपत्रकातही सापडतात. खरी अडवणूक तिसऱ्यात असते. ‘आपण वीज वाचवली, तर पुढच्या वर्षी आपल्याच विभागाची तरतूद कापली जाईल’ असे विभागप्रमुखांच्या मनात असेल, तर कितीही परिपत्रके काढून उपयोग होत नाही. बचतीचा ठरावीक वाटा त्याच विभागाकडे राहील, असा लेखी नियम आधी करावा.

त्यानंतर अनुभवातले ज्ञान कागदावर आणण्याकडे वळावे. नोनाका आणि ताकेउची या जपानी व्यवस्थापन अभ्यासकांनी १९९५ मध्ये मांडलेल्या प्रतिमानात अव्यक्त, म्हणजे अनुभवातून आलेले पण कुठेही न लिहिलेले, ज्ञान शब्दांत उतरवणे हा एक स्वतंत्र टप्पा आहे, आणि माझ्या मते विद्यापीठे नेमकी इथेच कमी पडतात. जीवविज्ञान प्रयोगशाळेतील अतिशीत फ्रीजर उणे ८० ऐवजी उणे ७० अंशांवर ठेवल्यास त्याचा वीजवापर सुमारे ३० टक्क्यांनी घटू शकतो, हे कुठेही वाचायला मिळते. परंतु कोणत्या फ्रीजरच्या दाराचे रबर सैल झाले आहे आणि कोणते नमुने या बदलाला चालणार नाहीत, हे तिथल्या प्रयोगशाळा सहायकालाच ठाऊक असते. त्याला हरित उपक्रम ठरवणाऱ्या समितीत सदस्य म्हणून घ्यावे, केवळ माहिती विचारण्यापुरते बोलावू नये.

प्रत्येक प्रयोगाची एका पानाची नोंद ठेवावी: काय बदलले, आधीचे व नंतरचे मीटरवाचन, काय फसले आणि पुढे कोणाला विचारावे. फसलेल्या प्रयोगाची नोंद वार्षिक मूल्यमापनात कोणाच्याही विरोधात वापरली जाणार नाही, अशी हमी कुलगुरूंच्या सहीने द्यावी, कारण तिच्याशिवाय नोंदवहीत फक्त यशच लिहिले जाते. नोकरी सोडणाऱ्याला कार्यमुक्तीपत्र देण्यापूर्वी त्याने या नोंदी उत्तराधिकाऱ्याला समक्ष समजावून दिल्या आहेत की नाहीत, हे कुलसचिव कार्यालयाने तपासावे.