कोकणात सेकंडहँड पोलो नाहीतर व्हेंटो घ्यायची असेल तर काय काय बघायचं

पोलो २०२२ मध्ये बंद झाली, व्हेंटोही गेली, नवी व्हर्टस किंवा टायगुन सगळ्यांच्या बजेटात बसत नाही, म्हणून आपल्याकडे रत्नागिरी, चिपळूण, कुडाळ, सावंतवाडी सगळीकडे जुन्या फोक्सवॅगन शोधणारे बरेच जण आहेत. आणि विचारतात एकच, जर्मन गाडी आहे म्हणजे मजबूतच असणार ना? तर माझं सरळ म्हणणं असं की बॉनेटवरचा लोगो बघून घेऊ नका, गाडीचं साल बघून घ्या. ह्या कंपनीने नाव कमावलं वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या कारणांनी, आणि घालवलं पण तसंच, आणि त्यातलं काय काय तुमच्या वाट्याला येतंय ते साल आणि मॉडेलवर ठरतं.

थोडा इतिहास सांगतो कारण तो इथे उपयोगाचा आहे. कंपनी १९३७ ची, नाझी सरकारने सुरू केलेली, तिच्या पहिल्या गाडीचं, म्हणजे बीटलचं, डिझाइन फर्डिनांड पोर्शेचं. पण युद्धाच्या आधी सामान्य लोकांच्या हातात गाडी आलीच नाही, कारखाना युद्धाच्या कामाला लागला आणि तिथे सुमारे २० हजार माणसांना जबरदस्तीने राबवलं गेलं, हे कंपनीच्या नावावरचं पहिलं आणि सगळ्यात मोठं ओझं. १९४५ नंतर वोल्फ्सबर्गचा तो अर्धा पडलेला कारखाना ब्रिटिश सैन्याच्या ताब्यात आला आणि मेजर आयव्हन हर्स्ट नावाच्या अधिकाऱ्याने तो परत चालू केला. मग १९४८ पासून हाइनरिश नॉर्डहॉफ प्रमुख झाला. ह्या माणसाने परदेशात गाड्या विकताना एक गोष्ट धरून ठेवली, की जिथे गाडी विकायची तिथे आधी सर्व्हिस आणि स्पेअर पार्ट पोचले पाहिजेत. बीटल काही फार वेगवान नव्हती, पण बिघडली तर दुरुस्त होत होती, आणि १९७२ मध्ये तिने सगळ्यात जास्त बनलेली गाडी हा फोर्डच्या मॉडेल टीचा विक्रम मोडला, शेवटची बीटल २००३ मध्ये मेक्सिकोत निघाली तोवर २ कोटी १५ लाखांवर गाड्या झाल्या होत्या. म्हणजे जगात ह्यांचं नाव झालं त्यात सर्व्हिसचा वाटा फार मोठा. आणि आपल्याकडे लोक तक्रार कशाची करतात? सर्व्हिसच्या खर्चाचीच.

म्हणून गाडी बघायला जायच्या आधीच पहिलं काम, तुमच्या घरापासून कंपनीचं सगळ्यात जवळचं वर्कशॉप कुठे आहे ते साइटवर बघा आणि फोन करून चालू आहे का विचारा. कोकणात दर तालुक्याला वर्कशॉप नाही, बऱ्याच जणांना त्यासाठी घाट चढावा लागतो, आणि पावसाळ्यात दरड आली की तो घाट बंद. दुसरं काम, तुमच्या गावाजवळ ह्या गाड्या हाताळणारा बाहेरचा मेकॅनिक शोधा ज्याच्याकडे गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाड वाचणारा चांगला स्कॅनर आहे, नुसता पाना घेऊन ह्या गाड्या दुरुस्त होत नाहीत. असा माणूस मिळाला तर निम्मी काळजी मिटली. पार्टच्या बाबतीत एक गोष्ट चांगली आहे, पोलो चाकणला १२ वर्षं बनली आणि स्कोडाची रॅपिड म्हणजे व्हेंटोची सख्खी बहीणच, त्यामुळे बरेच पार्ट एकमेकींना चालतात. पार्ट मागवताना चेसिस नंबर देऊनच मागवा, नाहीतर दिसायला सारखा आणि बसायला वेगळा असा पार्ट येतो.

आता साल. जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप ह्या गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या संस्थेने भारतातल्या गाड्या धडकवून बघितल्या तेव्हा बिनएअरबॅगच्या पोलोला शून्य स्टार मिळाले. पण त्याच टेस्टमध्ये दिसलं की पोलोचा सांगाडा टिकून राहिला होता, कमी पडल्या त्या एअरबॅग. कंपनीने लगेच बिनएअरबॅगची पोलो विकणं थांबवलं, आणि दोन एअरबॅगवाल्या पोलोला चार स्टार मिळाले. ह्याचा तुम्हाला अर्थ काय, तर २०१४ च्या आधीची खालच्या व्हेरिएंटची पोलो स्वस्तात मिळाली तरी मी तरी घेऊ नका म्हणेन. स्टिअरिंगवर आणि डाव्या बाजूच्या डॅशबोर्डवर एअरबॅग असं कोरलेलं असतं ते बघा. मग चावी फिरवा, इंजिन चालू न करता, मीटरमध्ये एअरबॅगचा दिवा लागला पाहिजे आणि काही सेकंदांनी विझला पाहिजे. विझत नसेल तर बिघाड आहे, आणि लागतच नसेल तर जास्त वाईट, कोणीतरी बल्ब काढून बिघाड लपवलेला असू शकतो.

डिझेलवाल्यांनी २०१५ लक्षात ठेवायचं. सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने पकडलं की ह्यांच्या डिझेल गाड्यांचं सॉफ्टवेअर टेस्ट चालू आहे हे ओळखायचं आणि तेवढ्यापुरता धूर साफ दाखवायचं, रस्त्यावर मात्र नायट्रोजन ऑक्साइड कितीतरी पट जास्त. जगभरात १ कोटी १० लाख गाड्या, प्रमुख मार्टिन विंटरकॉर्नला काही दिवसांत जावं लागलं. ही फसवणूक होती, त्याला दुसरा शब्द नाही, आणि इंजिन दमदार आहे म्हणून ती विसरायची असं मला पटत नाही. भारतात डिसेंबर २०१५ मध्ये ग्रुपच्या सुमारे ३ लाख २३ हजार डिझेल गाड्या सॉफ्टवेअर बदलायला परत बोलावायचं जाहीर झालं, म्हणजे २००८ पासून नोव्हेंबर २०१५ पर्यंत विकलेल्या, पोलो व्हेंटोच्या टीडीआय, म्हणजे डिझेल इंजिनवाल्या, त्यात आल्या. तुम्ही बघताय ती गाडी त्या काळातली असेल तर चेसिस नंबर देऊन कंपनीच्या वर्कशॉपला विचारा की हिचं ते काम झालंय का, आणि त्याच वेळी पूर्ण सर्व्हिस हिस्टरीचा प्रिंट मागा. टीडीआयला टायमिंग बेल्ट असतो, तो कधी बदलला ह्याचं बिल बघा, बिल नसेल तर बदललाच नाही असं धरून तेवढे पैसे किमतीतून कमी करा, कारण तो चालत्या गाडीत तुटला तर इंजिनचंच काम निघतं.

आता खरा कोकणी विषय, गंज. पोलोची बॉडी गॅल्वनाइज्ड आहे, म्हणजे पत्र्यावर जस्ताचा थर असतो, आणि खाऱ्या हवेत त्याचा फरक पडतो, गुहागर, मालवण, देवगडकडच्या जुन्या पोलो बघा, दारं आणि बॉनेट चांगली असतात. पण हे नाव फक्त पत्र्याचं आहे. खालची सबफ्रेम, सायलेन्सर, ब्रेकचे पाइप, नटबोल्ट, शॉकअपची खालची बाजू, हे सगळं खाऱ्या पाण्याने खातंच. त्यामुळे गाडी रॅम्पवर किंवा खड्ड्यावर घेतल्याशिवाय व्यवहार करायचा नाही, मालक कितीही घरचा असो. खाली गेल्यावर टॉर्च मारा आणि स्क्रूड्रायव्हरच्या मागच्या टोकाने हलकंच ठोकत जा, धड लोखंड खणखणतं, आतून गेलेलं बद्द वाजतं आणि पोपडे पडतात. दोन चाकांमधल्या उंबऱ्याखाली, म्हणजे दारांच्या खाली जी पट्टी असते तिथे, पाणी निघायला बारीक भोकं असतात, ती चिखलाने किंवा कोणीतरी मारलेल्या काळ्या कोटिंगने बंद झालीत का बघा, बंद असतील तर पाणी आत साचून पत्रा आतून कुजतो आणि बाहेरून काही दिसत नाही. नव्याकोऱ्या काळ्या कोटिंगला भुलू नका, विकायच्या आठवड्यात मारलेलं कोटिंग नेमकं काय झाकायला मारलंय ते शोधा. आणि ऑइल चेंबर बघा. पोलो तशी बसकी गाडी, आपल्या वाडीतल्या रस्त्यांवर जांभ्याचे चिरे वर आलेले असतात, चेंबरला घासल्याच्या खुणा किंवा वेल्डिंग असेल तर ती गाडी कुठून कुठून गेलीय ते कळतं.

गाडी कोणाची होती हेही विचारा. दाभोळ धोपावे किंवा जयगड तवसाळच्या फेरीबोटीने रोज ये-जा करणारी गाडी आणि खेड शहरात राहिलेली गाडी ह्यात फरक पडतो. पर्यटकांना भाड्याने दिलेली असेल तर ती पुळणीत घातलेली असायची शक्यता जास्त, पुढच्या चाकांच्या आतल्या बाजूला प्लास्टिकच्या लायनिंगमागे बोट घालून बघा, वाळू सापडते. चाकरमान्यांची गावच्या घरी आंब्याखाली उभी असलेली कमी किलोमीटरची गाडी दिसायला मस्त असते, पण उभ्या गाडीचे ब्रेक डिस्क गंजतात, बॅटरी जाते आणि उंदीर वायरिंग खातात. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि नंतरचे दोन साल, किलोमीटर कमी पण टायर आठ वर्षांचे असतील तर चार नवे टायर धरा.

पुराची गाडी ओळखता आलीच पाहिजे. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं, त्याच दिवसांत महाडला सावित्री आणि खेडला जगबुडी, केवढ्या गाड्या पाण्याखाली गेल्या ते आपण सगळ्यांनी बघितलंय. बुडालेली गाडी धुऊन पुसून, सीट कव्हर घालून, दुसऱ्या जिल्ह्यात विकली जाऊ शकते. म्हणून पुढचा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, अगदी रिळापर्यंत, जो भाग कधी बाहेर येत नाही तो. तिथे पट्ट्यावर आडवी मातकट रेघ दिसली किंवा पट्टा कडक लागला आणि हुंगल्यावर दमट वास आला तर तिथून निघा, पुढे काही बघायची गरज नाही. तसंच डिकीत स्टेपनी काढून खालच्या खड्ड्यात बघा, सीटखाली हात घालून सीटचे रूळ बघा, फ्लोअर मॅट उचलून खालचा गालिचा दाबा. गालिचा ओला असेल आणि बाकी काही खूण नसेल तर दाराच्या सीलमधून पाणी येत असेल, ते निघण्यासारखं काम आहे. पण ह्या गाड्यांमध्ये इलेक्ट्रॉनिक्स एवढं आहे की एकदा बुडालेली गाडी वर्षभर बरी चालून मग मीटरमध्ये बिघाडाचा एकेक दिवा दाखवायला लागते. इन्शुरन्स कंपनीकडून त्या सालचा क्लेम बघता आला तर जरूर बघा.

इंजिन कुठलं घ्यायचं? १.२ लिटरची साधी तीन सिलिंडर पेट्रोल गावात ठीक, पण चार माणसं, सामान आणि आंबोली घाट म्हटलं की दम लागतो. टीडीआय घाटात सुरेख ओढते. २०२० नंतरची १.० टीएसआय, म्हणजे टर्बो पेट्रोल, माझ्या मते सगळ्यात चांगली निवड, तिच्या ऑटोमॅटिकमध्ये साधा टॉर्क कन्व्हर्टर आहे. त्याआधीच्या जीटी टीएसआयमध्ये सात स्पीडचा डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे, चालवायला फार गोड गाडी, पण तो गिअरबॉक्स कोरड्या क्लचचा आहे आणि माणगावला गणपतीच्या ट्रॅफिकमध्ये तीन तास सरपटत चालणं त्याला मानवत नाही, क्लच तापतो आणि झिजतो. डीएसजी बघणार असाल तर सपाटीवर टेस्ट ड्राइव्ह घेऊच नका. गाडी आधी रात्रभर बंद असली पाहिजे, बॉनेटला हात लावून बघा, तापलेलं असेल तर मालकाने तुमच्यासाठी आधीच गरम करून ठेवलीय. थंड चालू करा, मग परशुराम किंवा निवळी घाटात न्या, चढावर थांबा, हळू उचला, पहिल्यातून दुसऱ्यात जाताना धक्का येतो का बघा, रिव्हर्समध्ये चढावर घ्या, आणि अर्धा तास चालवल्यावर परत तेच करा. मीटरमध्ये गिअरचा आकडा लुकलुकला तर व्यवहार थांबवा. मॅन्युअल असो की ऑटो, स्पीडब्रेकरवरून हळू जाताना काचा खाली करून ऐका, पुढून टकटक येत असेल तर सस्पेन्शनचा लिंक रॉड किंवा बुश, हे स्वस्तातलं काम आहे, त्यावरून किंमत पाडा पण गाडी सोडू नका.

कागद. परिवहनच्या साइटवर नंबर टाकून कर्जाचा बोजा, इन्शुरन्स, दंड बघून घ्या. कर्ज फिटलेलं असलं तरी बँकेची एनओसी घेऊन बोजा उतरवलेला असला पाहिजे. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घ्या आणि गाडी नावावर होईपर्यंत थोडे पैसे हातात ठेवा. २०१० आणि २०११ च्या गाड्यांचं विशेष सांगतो, १५ वर्षं झाली की पासिंग परत करावं लागतं आणि वर पर्यावरण कर, तो खर्च विकणारा बोलत नाही.

घेतल्यावर मग किनाऱ्यावरून किंवा फेरीबोटीतून आल्यावर खालून धुवायची सवय लावा, पण गोड्या पाण्याने. समुद्राजवळच्या बऱ्याच विहिरींचं पाणी मे महिन्यात मचूळ होतं, त्या पाण्याने धुतलं तर मीठच परत लावल्यासारखं आहे. उंबऱ्याची भोकं वर्षातून एकदा, जूनच्या आधी, तारेने मोकळी करा. इन्शुरन्समध्ये इंजिन प्रोटेक्टचं ॲडऑन घ्याच, साध्या पॉलिसीत पाणी शिरून गेलेल्या इंजिनाचे पैसे बहुतेक वेळा मिळत नाहीत. आणि पावसात गाडी पाण्यात बंद पडली तर स्टार्टर मारू नका, एकदाही नाही, ढकलून बाहेर काढा आणि टो करून न्या, आत पाणी गेलेलं असताना इंजिन फिरलं की कनेक्टिंग रॉड वाकतात.