टिलर म्हणजे पॉवर टिलर नव्हे

आमच्या खानापूर तालुक्यात टिलर म्हटलं की भाताच्या चिखलात फिरणारा पॉवर टिलर. धनुष्याचं टिलरिंग निराळं. कामठ्याचे दोन्ही लिंब, म्हणजे मुठीच्या वरचा नि खालचा भाग, नीट वाकेपर्यंत तासत जायचं. एवढं कळायला माझे तीन कामठे मोडले.

बांबू माणगा घ्या, जवळजवळ भरीव असतो. तीन पावसाळे काढलेला, थंडीत तोडलेला, सावलीत वाळवलेला. साल निशाणाकडे ठेवायची नि तिला कोयता लावायचा नाही, ताण तीच सोसते. तासायचं पोटाकडून, म्हणजे ओढणाऱ्याकडच्या बाजूने.

पहिल्या कामठ्याला मुठीपासून वीतभरावर बाक जास्त दिसत होता. चूक तिथंच आहे समजून मी तिथंच कानस घातली. पुढच्या ओढीला काटकन तुकडे. बुरूडकाम करणारे एक काका बघत होते. म्हणाले, "घाई कशाला करालैस? वाकतंय तिथं हात लावायचा न्हाई. वाकत न्हाई तिथं लाव की."

रुंदी निम्मी केली तर ताठपणा निम्मा होतो. जाडी निम्मी केली तर आठवा हिस्सा उरतो. जाडी दहा टक्के गेली तरी पाव भागाहून जास्त ताठपणा गेला. म्हणून शेवटी कानस ठेवून फुटक्या काचेने खरवडायचं.

मूठ भिंतीवरच्या खुंटीवर ठेवा, धनुष्याच्या दोरीला दुसरी दोरी अडकवून ती खालच्या कप्पीतून घ्या, मागे सरकून ओढा. भिंतीवर कोळशाने चौकोन आखले की बाक लपत नाही. दर खरवडीनंतर वीस-तीसदा ओढा, मगच बघा. धनुष्य ३० पौंडांचं हवं असेल तर हुकाच्या काट्यावर साडेतेरा किलो दिसले की थांबा, दोरी १५ इंचच आली असली तरी. त्यापुढे ओढलं की कामठा कायमचा वाकतो.

आता गंमत: दोन्ही लिंब अगदी सारखे नको असतात. बाण मुठीच्या वर बसतो, एक बोट वर नि दोन खाली धरून ओढतो, त्यामुळे खालच्या लिंबावर जोर जास्त येतो. म्हणून तो किंचित ताठ ठेवतात. दोरी चढवून मुठीपासून सारख्या अंतरावर मोजलं तर दोरी नि लिंब यांतली वरची फट खालच्यापेक्षा ३ ते ६ मिलिमीटर जास्त भरावी. तिन्ही बोटं बाणाखाली धरणाऱ्याला हा फरक जवळजवळ लागत नाही.

माझ्या चौथ्याचा खालचाच लिंब मऊ निघाला. मूठ अजून गुंडाळली नव्हती. धनुष्य उलटं धरलं नि त्यालाच वरचा केला.