उत्पादन बंद झालेले पोलादी पिस्तूल बाळगताना या चुका टाळा

ब्राउनिंग हाय-पॉवर, मूळ स्विस सिग पी२१०, हेक्लर अँड कॉख पी७ किंवा स्मिथ अँड वेसन ५९०६ यांपैकी एखादे पिस्तूल ज्याने एकदा हाताळले आहे, त्याला त्यांचा मोह का पडतो हे समजावून सांगावे लागत नाही. ५९०६ रिकामे असतानाच एक किलोहून थोडे जास्त भरते आणि तेच वजन गोळी सुटताना बसणारा धक्का बराचसा गिळून टाकते. पी२१० किंवा सीझेड ७५ मध्ये स्लाइड (वरचा, मागेपुढे सरकणारा भाग) फ्रेमच्या (खालच्या सांगाड्याच्या) बाहेरून नव्हे, तर आतल्या खाचांमधून धावते, त्यामुळे ती हलवताना जो घट्ट आणि गुळगुळीत अनुभव येतो तो प्लास्टिकच्या फ्रेममध्ये सहसा सापडत नाही. मात्र या पिस्तुलांतले पोलाद अनेक दशके टिकले म्हणून त्याच्या आतल्या स्प्रिंगा, पिना आणि मॅगझिनही (काडतुसे भरण्याच्या पेट्याही) तितकीच टिकली असतील असे गृहीत धरणे, ही नव्या मालकाची पहिली चूक असते, आणि बाकीच्या बऱ्याचशा चुका तिच्यातूनच निघतात.

खरेदीपूर्वी पिस्तुलाची किंमत सगळेच विचारतात. त्याच्या सुट्या भागांची चौकशी मात्र फार थोडे जण करतात. स्पेनमधील एइबार येथील स्टार ही कंपनी १९९७ मध्ये बंद झाली, त्यामुळे तिच्या पोलादी पिस्तुलांसाठी आज जुन्या साठ्यावर किंवा दुसऱ्या पिस्तुलातून काढलेल्या भागांवर विसंबावे लागते. नाव पुन्हा बाजारात आले म्हणून भागही आले असे होत नाही. एफएन या बेल्जियन कंपनीने मूळ हाय-पॉवरचे उत्पादन थांबवल्यानंतर २०२२ मध्ये त्याच नावाचे नवे पिस्तूल आणले, पण त्याचे भाग जुन्याला बसत नाहीत. म्हणून आधी किमान चार चांगली मॅगझिन, स्प्रिंगांचे दोन संच, एक एक्स्ट्रॅक्टर (रिकामे काडतूस ओढून काढणारा आकडा) आणि एक फायरिंग पिन (काडतुसाच्या बुडावर आघात करणारी पिन) कोठून मिळेल हे निश्चित करावे, आणि मगच पिस्तुलाचा सौदा करावा. हा क्रम उलटा वाटतो, पण तोच योग्य आहे.

पिस्तूल अडकू लागले की दोष थेट पिस्तुलाला दिला जातो, आणि उत्साही मालक काडतूस ज्या उतारावरून चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसते त्या जागेत) चढते तो उतार कानशीने घासायला बसतो. ही चूक दुरुस्त होत नाही, कारण चुकीच्या जागचे धातू निघून गेले की काडतुसाच्या बुडाला मिळणारा आधार कमी होतो. त्यापेक्षा आधी प्रत्येक मॅगझिनवर क्रमांक लिहावा आणि अडथळा कोणत्या मॅगझिनच्या वेळी आला याची नोंद ठेवावी. काडतुसाचे नाक खाली झुकून अडकत असेल, किंवा शेवटची गोळी सुटल्यावर स्लाइड मागे थांबत नसेल, तर बहुतेक वेळा मॅगझिनची स्प्रिंग थकलेली असते किंवा त्याचे ओठ (काडतूस धरून ठेवणाऱ्या वरच्या कडा) वाकलेले असतात. रिकामी केस (काडतुसाचे धातूचे टरफल) बाहेर पडता पडता स्लाइडमध्ये चिमटली जात असेल, तर दारूगोळा कमी ताकदीचा आहे का आणि एक्स्ट्रॅक्टरची पकड ढिली झाली आहे का, हे पाहावे. घोडा पडूनही गोळी सुटत नसेल, तर फायरिंग पिनच्या मार्गात वर्षानुवर्षे साचून चिकट झालेले तेल किंवा घोड्याची दमलेली स्प्रिंग हे नेहमीचे संशयित असतात. जुनी पिस्तुले गोल नाकाच्या गोळीसाठी घडवलेली असतात. पोकळ टोकाची गोळी त्यात अडखळली तर तो बिघाड नव्हे.

रिकॉइल स्प्रिंगच्या (स्लाइडला परत पुढे ढकलणाऱ्या स्प्रिंगच्या) बाबतीत दोन्ही टोकांच्या चुका होतात. ती दमली की रिकाम्या केस नेहमीपेक्षा लांब उडतात आणि स्लाइड प्रत्येक वेळी फ्रेमवर आदळते. दुसरीकडे, फ्रेम वाचावी म्हणून फार कडक स्प्रिंग घातली, तर स्लाइड पुरेशी मागे जात नाही आणि परतताना अधिक जोराने आपटते. पंचेचाळीस कॅलिबरच्या पूर्ण आकाराच्या ‘१९११’ या पिस्तुलासाठी १६ पौंडांची स्प्रिंग प्रमाण मानली जाते. आपल्या मॉडेलचा असा मूळ आकडा शोधून त्यालाच चिकटून राहावे.

‘नऊ एमएम’ या शब्दावर विसंबून काडतुसे घेऊ नयेत. माकारोव्ह या रशियन पिस्तुलाचे ९×१८ आणि सर्वत्र चालणारे ९×१९ (दुसरा आकडा केसची मिलिमीटरमधील लांबी) ही दोन वेगळी काडतुसे आहेत; पहिल्याच्या गोळीचा व्यास साधारण ९.२७ मिलिमीटर, तर दुसऱ्याचा साधारण ९.०२ असतो. तसेच टोकारेव्ह या रशियन पिस्तुलाचे ७.६२×२५ काडतूस जुन्या माऊझर सी९६ पिस्तुलात बसते, पण बसते म्हणून ते झाडू नये, कारण त्याचा दाब बहुधा अधिक असतो. पी७ मध्ये आवरण नसलेली शिशाची गोळी वापरली, तर या पिस्तुलाच्या नळीतला वायू बाहेर नेणाऱ्या छिद्रात शिसे साचते. (त्याच वायूमुळे सलग बरेच बार काढल्यावर ट्रिगरच्या वरचा भाग चांगलाच तापतो. पी७वर प्रेम करणारे हे सहसा आधी सांगत नाहीत.)

सर्वांत धोकादायक चूक मात्र जुन्या पिस्तुलाला नव्या पिस्तुलाचे सुरक्षा-नियम लावण्याची आहे. मूळ टोकारेव्हला हाताने लावायचा सेफ्टी खटकाच नाही, केवळ घोडा अर्धवट अडकवण्याची खाच आहे. फायरिंग पिन रोखणारा अडसर कोल्टच्या १९११ मध्ये सीरिज ८० पासून, म्हणजे १९८३ च्या सुमारास आला, आणि सीझेड ७५ मध्ये तो ‘बी’ अक्षर असलेल्या आवृत्तीत आहे. त्याआधीची पिस्तुले चेंबरमध्ये काडतूस ठेवून बाळगू नयेत, कारण ती नळीवर आपटून पडल्यास बार उडण्याची शक्यता राहते. हाय-पॉवरमध्ये मॅगझिन काढले की ट्रिगर निकामी होतो, ही माहितीही फसवी ठरू शकते, कारण ती यंत्रणा आधीच्या एखाद्या मालकाने काढून टाकलेली असू शकते. पिस्तूल रिकामे आहे हे चेंबर डोळ्यांनी पाहूनच ठरवावे. स्टारच्या पिस्तुलांवर रिकामे ट्रिगर दाबण्याचा सराव करायचा असल्यास खोटी काडतुसे वापरावीत, कारण ती न घालता ट्रिगर दाबल्यास या पिस्तुलांच्या फायरिंग पिना तुटू शकतात.

गंजाबद्दल थोडक्यात सांगायचे तर ब्लूइंग (पोलादाला दिलेला निळसर-काळा रंग) हे धातूवरचे फार पातळ आवरण असते आणि एकटे ते ओल रोखू शकत नाही. चामड्याचे होल्स्टर ओल धरून ठेवते, म्हणून पिस्तूल त्यात घालून कपाटात ठेवू नये. जुन्या लष्करी साठ्यातील काही काडतुसांच्या प्रायमरमुळे (बुडातल्या, बार पेटवणाऱ्या टोपीमुळे) नळीत क्षार उरतात. ते तेलात विरघळत नाहीत, म्हणून आधी पाण्याने धुऊन, पूर्ण कोरडे करून मगच तेल लावावे. स्टेनलेस पोलादही अगदी निर्धोक नाही. एएमटी हार्डबॉलरसारख्या सुरुवातीच्या स्टेनलेस पिस्तुलांत स्लाइड आणि फ्रेमचे समान धातू एकमेकांना खरवडत असत, त्यामुळे अशा पिस्तुलाच्या खाचांमध्ये वंगण कधीही कोरडे पडू देऊ नये.

पिस्तूल जुने आहे म्हणून परवान्याच्या नियमांतून आपोआप सूट मिळते, असे समजू नये. खरेदीपूर्वीच हा प्रश्न सोडवावा. आणि झिजलेला रंग पाहून ते नव्याने ब्लू करून घेण्याची घाई करू नये, कारण संग्राहकाच्या दृष्टीने मूळ रंग आणि भागांवरचे जुळणारे क्रमांक यांतच त्याची किंमत असते. एखादा भाग बदलावा लागलाच, तर काढलेला मूळ भाग तेलाच्या कागदात गुंडाळून, त्यावर पिस्तुलाचा क्रमांक व बदलल्याची तारीख लिहून, पिस्तुलाबरोबरच ठेवावा.