दशांश अपूर्णांक शिकवताना या चुका टाळा

०.८, ०.९, ०.१०, ०.११. सहावीतल्या एका मुलीनं संख्यारेषेवर हे असं लिहिलं होतं. सुबक अक्षर, पट्टी लावून ओढलेली रेघ. मी विचारलं, "०.९ नंतर ०.१० कसं आलं गं?" ती म्हणाली, "सर, नऊनंतर दहाच येतात ना?" वर पुरावाही दिला: पुस्तकात १.९ हा भाग संपला की पुढचा १.१० असतो. यावर काय बोलणार? ते क्रमांक आहेत, दशांश अपूर्णांक नाहीत, हे तिला तोवर कुणी सांगितलंच नव्हतं. मीही नाही.

दशांशातल्या बहुतेक चुका या जातीच्या असतात. मुलं वेंधळी नसतात. पूर्ण संख्यांचे नियम ती इमानेइतबारे पुढे चालवत असतात. त्यामुळे "लक्ष दे", "पॉइंट नीट बघ" असं दहादा सांगूनही तीच चूक अकराव्यांदा होते. उत्तर चुकलं की आधी एकच शोधायचं: या मुलानं कोणता नियम वापरला? नियम सापडला की निम्मं काम झालं. आणि बऱ्याचदा तो नियम आपल्याच फळ्यावरून आलेला निघतो.

चूक पकडणारी उदाहरणंच न देणे

लहानमोठेपणा ओळखायला ३.४७ आणि ३.५२ अशी जोडी दिली, तर सगळा वर्ग बरोबर येतो आणि आपल्याला वाटतं, धडा कळला. पण ४७ आणि ५२ मध्ये मोठं कोण, एवढंच त्यातून तपासलं जातं. दशांशचिन्हानंतर दोन्हीकडे सारखेच अंक असतील, तर चुकीचा नियमही बरोबर उत्तर देतो.

त्याऐवजी ४.६३ आणि ४.८ ही जोडी द्या. "जास्त अंक म्हणजे मोठी संख्या" असं मानणारी मुलं लगेच ४.६३ ला गोल करतील, कारण त्रेसष्ट आठापेक्षा मोठे. मग ५.७३६ आणि ५.६२ द्या. आता हीच मुलं बरोबर येतील आणि वेगळीच मुलं चुकतील. त्यांचा नियम उलटा असतो: सहस्रांश शतांशापेक्षा लहान, म्हणून सहस्रांशापर्यंत गेलेली संख्या लहानच. अर्धवट समजलेली स्थानिक किंमत असा घोटाळा करते. या मुलांना पहिल्या गटाचाच उपाय दिला तर गोंधळ वाढतो. त्यांना सहस्रांश लहान असतो हे पक्कं माहीत असतं. सात दशांश आधीच होऊन गेलेत, इकडे मात्र सहाच आहेत, हे त्यांना दिसत नसतं.

तिसरी जोडी ४.४५ आणि ४.४५०२. इथे काही मुलं "सारख्याच" म्हणतात. ही पैशांच्या हिशोबावर दशांश शिकलेली मुलं. चिन्हानंतरच्या दोन स्थळांपलीकडे त्यांच्या दृष्टीनं काही नसतंच. पैसे हे उदाहरण मला सुरुवातीला वापरावंसं वाटत नाही ते यामुळेच. तिथे मुलं चिन्हाच्या डाव्या-उजव्या बाजूंना दोन वेगळी नाणी समजतात, एका संख्येचे भाग समजत नाहीत. मीटरपट्टी बरी. तिच्यावर मीटरचे डेसिमीटर, सेंटिमीटर, मिलिमीटर असे तीन स्थळांपर्यंतचे भाग डोळ्यांना दिसतात.

दोन्हीकडचे अंक शून्य भरून सारखे करा, मग तुलना करा, ही युक्ती सगळेच शिकवतात. उत्तर बरोबर येतं यात शंका नाही. पण ती पहिल्याच दिवशी दिली, तर मूल ४.८० आणि ४.६३ मध्ये पुन्हा ऐंशी आणि त्रेसष्टच बघतं. ती शेवटी द्या.

"पॉइंट पस्तीस" म्हणणे

०.३५ ला "पॉइंट पस्तीस" म्हणायची सवय आपल्या सगळ्यांनाच आहे. पस्तीस काय, हे मात्र आपण गिळून टाकतो. पस्तीस शतांश म्हणा, नाहीतर शून्य पॉइंट तीन पाच म्हणा. नुसतं पस्तीस ऐकलं की मुलाच्या डोक्यात तीस आणि पाचच उभे राहतात. मग ते ०.८ पेक्षा मोठं वाटलं तर दोष कुणाला द्यायचा?

आपल्या शब्दांचीही थोडी अडचण आहे. दशक आणि दशांश, शतक आणि शतांश हे कानाला इतके जवळचे आहेत की मागच्या बाकावर पोचेपर्यंत एकाचा दुसरा होतो. शिवाय "दशांश" हा शब्द दुहेरी कामाला जुंपलेला आहे: एक दशांश म्हणजे दहावा भाग, आणि चिन्हानंतर कितीही अंक असले तरी अपूर्णांक दशांशच. पहिले काही दिवस मी "दहावा भाग", "शंभरावा भाग" असंच बोलतो. पुस्तकी शब्द मागून आला तरी चालतो.

आणखी एक प्रश्न दरवर्षी येतो: "सर, एकांश कुठाय?" डावीकडे एकक, दशक, शतक, मग उजवीकडे एकांश, दशांश, शतांश हवं ना? प्रश्न छान आहे, हसण्यावारी नेऊ नका. मूल आरसा चिन्हावर धरतंय. तो एककावर धरायचा असतो. एककाच्या एका बाजूला दशक, दुसऱ्या बाजूला दशांश. त्यापुढे शतक आणि शतांश. चिन्ह फक्त एकक कुठला ते दाखवतं. फ्लेमिश गणिती सिमॉन स्टेव्हिननं १५८५ मध्ये दशांश अपूर्णांकांवर पुस्तिका लिहिली, तिच्यात आजच्यासारखं चिन्ह नव्हतंच. प्रत्येक अंकाबरोबर वर्तुळात एक आकडा असे: एककाला ०, दहाव्या भागाला १, शंभराव्या भागाला २. लिहायला किचकट, पण समजायला साफ. ही पद्धत पुढे गुणाकारातही उपयोगी पडते.

मराठीत मात्र एक आयती सोय आहे: पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच. हे शब्द मुलांच्या तोंडी असतात. सव्वा म्हणजे १.२५, पावणेदोन म्हणजे १.७५ हे एकदा बसलं की संख्यारेषेवर खुंट्या मारल्यासारख्या होतात. फक्त वेळेपाशी सावध राहा. "सव्वा तास दशांशात लिही" म्हटलं की १.१५ हमखास येतं. सव्वाची पंधरा मिनिटं म्हणजे साठातले पंधरा, शंभरातले नव्हेत. हे एक उदाहरण मी मुद्दाम घालतो आणि त्यावर अर्धा तास गेला तरी जाऊ देतो.

चिन्हाखाली चिन्ह, एवढ्यावर थांबणे

४.७ + २.३५ ची मांडणी उजवीकडून केली की उत्तर २.८२ येतं. हे सगळ्यांना माहीत आहे, म्हणून आपण "चिन्हाखाली चिन्ह" हा नियम देतो. मग समोर येतं १२ + ३.४, आणि मुलं ४.६ लिहितात. १२ ला चिन्हच दिसत नाही, तर खाली काय मांडणार? बिचारी पुन्हा उजवीकडे सरकतात. नियम खरं तर "एककाखाली एकक" असा आहे. तो दिला की चिन्ह आपोआप जागेवर येतं आणि १२ चीही अडचण उरत नाही.

वजाबाकीत ५ − २.३७ चं उत्तर ३.३७ आलं असेल, तर मुलानं वर काहीच नाही म्हणून खालचे अंक जसेच्या तसे उतरवलेत. ५.०० लिहायला सांगा. पण आधी पाच एककांतला एक मोडून दहा दशांश करून दाखवा, नाहीतर ती दोन शून्यं म्हणजे जादू वाटते. ०.८ + ०.७ = ०.१५ हीसुद्धा याच घरातली चूक: पंधरा दशांशांतले दहा मिळून एक पूर्ण होतो, हे सुटलेलं असतं. चौकटीची वही वापरायला लावा, एका चौकटीत एक अंक. चिन्हाला वेगळी चौकट देऊ नका, ते रेघेवर येऊ द्या.

गुणाकारात घाई करणे

०.३ × ०.३ = ०.९. माझ्या अनुभवात वर्गात सगळ्यात जास्त वेळा दिसणारं उत्तर हेच. कारण सोपं आहे: ०.३ + ०.३ मध्ये चिन्ह सरळ खाली आलं होतं, मग इथेही आलं. यावर "दोन्हींची स्थळं मोजा आणि तेवढी द्या" हा उतारा चालतो, पण महिन्याभरात मुलं तोच नियम बेरजेलाही लावू लागतात.

दहा बाय दहाचा चौरस काढा. पूर्ण चौरस म्हणजे १. तीन उभे पट्टे एका रंगात, तीन आडवे दुसऱ्या रंगात. दोन्ही रंग जिथे एकमेकांवर येतात त्या चौकटी मोजा. नऊ. शंभरातल्या नऊ. म्हणजे ०.०९. दहाव्या भागाचा दहावा भाग म्हणजे शंभरावा भाग, हे त्या चौरसात दिसतं. स्टेव्हिनच्या वर्तुळांत बघितलं तर १ आणि १ मिळून २. स्थळं मोजायचा नियम आला तो इथून. चौरस काढल्यावर तो सांगितला तर टिकतो.

दुसरा सापळा बारीक आहे. ०.२५ × ०.४. पंचवीस चोक शंभर, स्थळं तीन, म्हणजे ०.१००, म्हणजे ०.१. पण "शेवटच्या शून्यांना किंमत नसते" हे पाठ केलेला मुलगा आधी शंभराची शून्यं खोडतो, उरलेल्या १ ला तीन स्थळं देतो आणि ०.००१ लिहितो. दोन्ही नियम बरोबर, फक्त क्रम उलटा. आधी चिन्ह, मग शून्यांची सफाई. शिवाय ०.२५ म्हणजे पाव. चार दशांशांचा पाव किती? एक दशांश. एवढं मनात म्हटलं असतं तर ०.००१ लिहिताना हात थांबला असता.

हात थांबावा यासाठीच अंदाजाचा सराव हवा. मी अंक देतो, चिन्ह मुलांनी द्यायचं. ४.८ × २.१ चे अंक १००८. पाच दुणे दहा, म्हणून १०.०८. मग ४.८ × ०.२१, मग ४८ × ०.२१. लेखी गुणाकार अजिबात नाही. दहा मिनिटांचा हा खेळ चार पानं उदाहरणांपेक्षा जास्त काम करतो.

दहानं गुणताना "एक शून्य वाढवा" हे वाक्य पाचवीतच सोडून द्यायला हवं होतं. त्यातूनच २.५ × १० = २.५० निघतं. "चिन्ह सरकतं" हेही मला फारसं पटत नाही. स्थानांचा तक्ता फळ्यावर जागेवर ठेवा आणि अंकांची कागदी पट्टी त्याखालून सरकवा. दोन एककातून दशकात जातो, पाच दशांशातून एककात येतो. चिन्ह जागचं हलत नाही.

शाब्दिक उदाहरणात वेगळीच गोम असते. "१ मीटर तारेचं वजन ३.२ किलोग्रॅम, तर ०.६ मीटरचं किती?" उत्तर कमी यायला हवं हे मुलांना कळतं, म्हणून ती भागतात. गुणलं की वाढतं आणि भागलं की घटतं, हे त्यांच्या हाडीमाशी मुरलेलं आहे. त्यांना म्हणा, ०.६ झाक, तिथे ५ लिही. आता काय करशील? "गुणेन." मग ०.६ लाही तेच कर. संख्या बदलली म्हणून क्रिया बदलत नाही.

भागाकारातली बाकी

६.१२ ÷ ६ = १.२ मध्ये मधलं शून्य गळालंय. एका दशांशाचे सहा समान वाटे करताना प्रत्येकाला पूर्ण दशांश मिळत नाही, म्हणून तिथे शून्य लिहायलाच हवं, उत्तर १.०२. पडताळ्याची सवय असेल तर मुलं ही चूक स्वतःच पकडतात.

७ ÷ ४ = १.३ जरा जास्त बोलकं आहे. भागाकार १, बाकी ३, आणि मध्ये ठोकलेला एक ठिपका. या मुलासाठी चिन्ह म्हणजे दोन आकडे वेगळे ठेवणारी खूण. तोच मुलगा तीन चतुर्थांश बहुधा ३.४ असा लिहील, तपासून बघा. त्याला भागाकाराची पद्धत पुन्हा शिकवून उपयोग नाही. उरलेल्या तीन एककांचे तीस दशांश करून पुढे भागायला बसवा.

०.६ ÷ ०.०२ अशा उदाहरणात "किती वेळा मावतो" हे विचारा. साठ शतांशांत दोन शतांश तीस वेळा. उत्तर भाज्यापेक्षा मोठं आलं तरी कुणाला धक्का बसत नाही. आणि दोन्हींना शंभरानं गुणून ६० ÷ २ का चालतं, तेही इथेच उलगडतं.

पण दोन्हीकडे गुणून भागताना बाकी राहिली, तर? ७.५ ÷ ०.४ चं ७५ ÷ ४ केलं, भागाकार १८, बाकी ३. ही ३ म्हणजे खरोखर तीन नव्हेत. ०.४ × १८ = ७.२, आणि ७.५ मधून ते गेल्यावर उरतात ०.३. भागाकार तोच राहतो, बाकी मात्र दसपट फुगलेली असते. मला स्वतःला हे वर्गात उभं असताना कळलं. साडेसात मीटर दोरीचे चाळीस सेंटिमीटरचे तुकडे करायचे होते. मी फळ्यावर "बाकी ३ मीटर" लिहून मोकळा झालो, आणि तिसऱ्या बाकावरचा मुलगा म्हणाला, "सर, तीन मीटर उरली तर अजून तुकडे होतील की."